बायपासनंतरच्या गोळ्या आणि माझा सकाळचा चहा

माझी गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करायला पोट लहान करून आतड्याचा काही भाग वगळायचं ऑपरेशन, त्यामुळे जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी शोषली जातात) होऊन चार वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी अंगात तरतरी होती, म्हटलं आता रोज जीवनसत्त्वांच्या, लोह-कॅल्शियमच्या मूठभर गोळ्या कशाला? सोडून दिल्या. बऱ्याच महिन्यांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. एकदा पायातली चप्पल निसटली तरी पत्ता नाही. तपासलं तर बी-१२ जीवनसत्त्व तळाला! यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे तो संपेपर्यंत काही कळत नाही. आता दर महिन्याला इंजेक्शन.

गोळ्यांचं गणित सगळं वेळेचं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला आत शिरूच देत नाही, म्हणून मध्ये दोन तास हवेत. मी उठल्याउठल्या लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेते. चहा त्यानंतर दोन तासांनी, कारण चहाही लोह अडवतो. खरं सांगते, ऑपरेशनपेक्षा हे जड गेलं.

कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच्या वर एका वेळी नीट शोषलं जात नाही. मला दिवसाला १५०० सांगितलंय, म्हणून ११, ४ आणि रात्री ९. आणि सायट्रेटच घ्या. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, आपल्या अंड्याएवढ्या पोटात ते कुठून येणार? एका दुकानदाराने ‘एकच आहे हो ताई’ म्हणत कार्बोनेट हातात ठेवलं होतं. पाकीट उलटून वाचा. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असलं, तरी त्यात निव्वळ कॅल्शियम साधारण २०० च असतं. मी पहिले तीन महिने फसले.

हे आकडे माझे. तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, स्लीव्हवाल्यांनी (म्हणजे ज्यांचं आतडं न वळवता फक्त पोट कापून लहान केलंय) तर नक्कीच.

उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर ओवा चघळत घरी बसू नका. बी-१ (थायामिन) जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, आणि ते संपलं की मेंदूवर जातं. दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी स्पष्ट सांगा, ‘बायपास झालीय, आधी बी-१ द्या.’ सासूबाईंकडूनही हे वाक्य पाठ करून घेतलंय.

रक्ताच्या तपासण्या पहिल्या वर्षी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, पुढे दरवर्षी. नुसत्या हिमोग्लोबिनवर भागवू नका, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) करा. कॅल्शियमसोबत डी जीवनसत्त्व आणि पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक, कमी पडलं की ते हाडांतून काढतं) मागा. माझं कॅल्शियम अगदी नॉर्मल होतं, पीटीएच मात्र चढलेलं. रक्तात कमी पडणारं कॅल्शियम हाडांतून काढणं चालू होतं.