उतारावरची झुडपं छाटा, पण उपटू नका

दसरा झाला, पाऊस थांबला, आणि आता बिल्डिंगमागचा उतार बघा, नुसतं रान माजलंय. भांडुप, मुलुंड, घाटकोपर, टेकडीला टेकून असलेल्या सगळ्याच सोसायट्यांत या दिवसात हेच असतं. छाटणीला हाच टाईम बरा, कारण मातीत ओल आहे पण चिखल नाही, आणि जूनपर्यंत नवीन फुटवा येऊन माती झाकली जाते.

एकच गोष्ट कळकळीने सांगते, उपटू नका. आमच्याकडे एका मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी उतार मुळासकट साफ केला, दिसायला एकदम चकाचक, आणि पहिल्याच मोठ्या पावसात लाल माती सगळी खालच्या गटारात, गटार तुंबलं आणि पाणी पार्किंगमध्ये. माती मुळांनीच धरलेली असते हो.

जास्वंद, तगर एक तृतीयांश कमी करा, डोळ्याच्या (फांदीवरच्या कोंबाच्या) जरा वर तिरका काप द्या. बोगनवेल बिनधास्त छाटा, फुलं नवीन फांदीवरच येतात. घाणेरीचं मात्र वेगळं, तिची चौकोनी काटेरी फांदी वरून कितीही कापली तरी बुडातून परत फुटते. तिची माती थोडी बाजूला करून दोन-तीन बोटं खोल मुख्य मूळ तोडायचं, बाकीची बारीक मुळं मातीत तशीच राहू द्यायची. पण यंदा एक पट्टा, पुढच्या वर्षी दुसरा, सगळा उतार एकदम नाही. रिकाम्या पट्ट्यात पहिल्या पावसात वाळ्याचे ठोंब आडव्या ओळीत लावा, त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात.

चढायच्या आधी लांब काठीने झुडूप हलवून घ्या, घोणस असू शकते. गमबूट, जाड हातमोजे पाहिजेतच. कमरेचा पट्टा आणि दोर वरच्या पक्क्या झाडाला बांधा (वाळक्या खोडाला नको!), सोबत दुसरा माणूस हवाच, आणि कापणाऱ्याच्या खाली कोणीही उभं राहायचं नाही. हात पोचत नसेल तिथे लांब दांड्याची कात्री वापरा, ताणून कोयता मारू नका, तोल तिथेच जातो. कण्हेरीचा चीक विषारी, डोळ्याला हात लावू नका आणि त्या फांद्या जाळू पण नका. सुबाभूळ वगैरे झाडांना हात लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या.

कापलेल्या फांद्या नाल्यात ढकलू नका, उतारावरच आडव्या रचून ठेवा, वाहून येणारी माती त्यांच्यामागे अडते. फक्त घाणेरीच्या काळ्या फळांचे घोस आधी तोडून गोणीत भरा, नाहीतर बुलबुल त्याच्या बिया सगळीकडे टाकतात. आणि संरक्षक भिंतीतली पाणी जायची भोकं पाल्याने बुजलीत का ते जाता जाता बघून घ्या.