मसालेदार केक आणि त्यावरचे साधे ग्लेझ

या केकची चव मसाल्यांच्या ताजेपणावर अवलंबून असते, म्हणून २ चमचे दालचिनी, १ चमचा सुंठ, अर्धा चमचा जायफळ आणि चिमूटभर लवंग यांची पूड शक्यतो त्याच दिवशी करावी. लवंग मात्र जपून घ्यावी, कारण ती जरा जास्त झाली तरी बाकीचे सुगंध झाकोळून टाकते. ही पूड २०० ग्रॅम मैदा, १ चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा बेकिंग सोडा आणि किंचित मीठ यांच्यासह चाळून घ्यावी.

दुसऱ्या भांड्यात २ अंडी, १५० ग्रॅम ब्राऊन शुगर, १२० मिलिलिटर तेल आणि १८० मिलिलिटर ताक फेटावे. त्यात कोरडे मिश्रण मैदा दिसेनासा होईपर्यंतच हलक्या हाताने मिसळावे. अधिक घोटल्यास ग्लुटेन (मैद्यातील चिकट प्रथिन) वाढून केक चिवट होतो. तेल लावलेल्या २० सेंटिमीटरच्या साच्यात ओतून, आधीच १८० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ३५ ते ४० मिनिटे, मधोमध खुपसलेली काडी स्वच्छ निघेपर्यंत, भाजावे.

ग्लेझसाठी १०० ग्रॅम पिठीसाखरेत थोडे थोडे दूध घालून ते चमच्यावरून संथ ओघळेल इतके दाट ठेवावे आणि केक पूर्ण थंड झाल्यावरच ओतावे, अन्यथा ते वितळून आत मुरते.