अनाथ आणि निराधार मुलांच्या शिक्षणासाठी मदत करताना या चुका टाळा

मे महिना संपत आला की कोल्हापुरातील उत्साही मंडळींचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते : "आईवडील नसलेले एखादे मूल सांगा, आम्ही त्याला बोर्डिंगात घालतो." बोर्डिंगवरचा हा विश्वास इथल्या मातीतला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि पुढे अनेक समाजांची वसतिगृहे या शहरात झाली. मात्र ती खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांच्या सोयीसाठी होती, त्यांना घरापासून तोडण्यासाठी नव्हती, याचा विसर पडतो.

काही वर्षांपूर्वी गगनबावडा तालुक्यातील एका वाडीवर आजीजवळ राहणाऱ्या भावाबहिणींपैकी नऊ वर्षांच्या भावाला एका मंडळाने शहरातील वसतिगृहात आणून ठेवले. गाडी सकाळी गेली आणि दुपारी मुलाला घेऊन परत आली. आजीशी धड बोलणे झाले नाही की निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवलेही गेले नाही. गणपतीच्या तोंडावर मुलगा नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आम्हाला रंकाळा स्टँडवर सापडला, तेव्हा आपण पळालेलो नाही, शेळी व्यायला झाली आहे आणि आजीला रात्रीचे दिसत नाही म्हणून घरी निघालो आहोत, असे त्याने शांतपणे सांगितले. मंडळातील एकालाही त्या घरात शेळी आहे हे ठाऊक नव्हते.

आजी, मामा, आत्या यांपैकी कोणी सांभाळायला तयार असेल, तर आधी शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज करावा. त्यातून मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. कोणीच नसेल, तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवून बाल कल्याण समितीमार्फत जावे. मी स्वतः तीन वेळा घरी जाऊन आल्याशिवाय पैशाचा विषय काढत नाही. या सवयीबद्दल नवखे कार्यकर्ते माझ्यावर वैतागतात, त्याला माझा इलाज नाही.

कागदपत्रे 'नंतर बघू' म्हणून टाळू नयेत. आईवडिलांच्या मृत्यूची नोंद वर्षभरात झाली नसेल, तर पुढे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि हेलपाटे म्हाताऱ्या आजीला घालावे लागतात. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेने प्रवेश नाकारला, तर मात्र गप्प बसू नये; शिक्षण हक्क कायदा, २००९ त्याला परवानगी देत नाही.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे, ती म्हणजे इंग्रजी माध्यमाचा हट्ट. मराठीतील चार ओळी न वाचता येणाऱ्या मुलीला एका देणगीदाराने थेट इंग्रजी शाळेच्या पाचवीत बसवले आणि फीची पावती मोठ्या अभिमानाने मला दाखवली. दिवाळीनंतर ती शाळेच्या नावाने रडू लागली. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचाही हक्क असतो, हे फी भरण्यापूर्वी कोणी विचारतच नाही. मी पहिल्या भेटीत गोष्टीचे पुस्तक पुढे ठेवतो, मूल कुठे अडखळते ते ऐकतो आणि तिथून शिकवणीला सुरुवात करतो. त्या मुलीला आम्ही मराठी शाळेत आणून वर्षभर रोज तासभर वाचायला बसवले. त्यापेक्षा जवळचा रस्ता मला अजून सापडलेला नाही.

वाढदिवसाचा केक घेऊन बालगृहात जाऊ नये. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत. बाल न्याय अधिनियमानुसार अशा मुलांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. चार जणांनी मिळून एकाच मुलाला चार दप्तरे देऊ नयेत.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी जानेवारीत वर्ग काढणाऱ्यांना एवढेच सांगतो की, टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की निघून जातात. वर्ग नोव्हेंबरात सुरू करावा आणि जाताना मुलाचे शिक्षण हमी कार्ड, म्हणजे गाव बदलले तरी पुढच्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठीचे कार्ड, आईच्या हातात पडले की नाही, हे खोपीवर जाऊन पाहावे.