वस्तीची मागणी महापालिकेच्या अंदाजपत्रकात कशी बसवायची

शौचालयाची दारं मोडलीत, नळाला दिवसाआड पाणी येतं, अंगणवाडीचं छप्पर गळतंय. अशा वेळी वस्तीतल्या कार्यकर्त्यांना ठरलेला सल्ला मिळतो: सह्यांचं निवेदन द्या आणि आयुक्त अंदाजपत्रक मांडतील त्या दिवशी पालिकेवर मोर्चा न्या. या सल्ल्यापायी वस्तीचं एक वर्ष फुकट जातं. आयुक्त जे पुस्तक मांडतात, त्यातले आकडे खात्यांनी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरातच लेखा विभागाकडे पाठवलेले असतात. पुढे स्थायी समिती फेरफार करते आणि सर्वसाधारण सभा मंजुरी देते, पण ते फेरफार बहुतेक नगरसेवकांनी दिलेल्या कामांच्या याद्यांचे असतात. ज्या कामाला लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातली त्या खर्चाची क्रमांक असलेली ओळ) नाही, रक्कम नाही, जागेचं नाव नाही, ते काम तिथे कुणाच्या हिशेबातच नसतं.

म्हणून सुरुवात पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये करायची. पुढची पद्धत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखालच्या शहरांसाठी आहे. मुंबईचा कायदा १८८८ चा, तिथे तारखा आणि पदनामं थोडी वेगळी, पण पुस्तक वाचायची रीत तीच. उदाहरण सामुदायिक शौचालयाचं घेऊ.

बैठका कशा घ्याव्यात हे संघटनांना सांगायला नको. दोनच गोष्टी पाळा. रोज रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका वस्तीच्या समितीत निम्म्याहून जास्त हव्यात. आणि एका वर्षी दोनच मागण्या. वीस मागण्यांचं निवेदन सात खात्यांत ‘पुढील कार्यवाहीसाठी’ फिरतं आणि एकाही खात्याला उत्तर द्यावं लागत नाही.

मोजणी

एका रविवारात होते. स्वच्छ भारत अभियानाच्या नागरी निकषांनुसार सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक सीट लागते. ६०० पुरुष आणि ६०० स्त्रिया असलेल्या वस्तीला अनुक्रमे १८ आणि २४. आता आहेत किती ते मोजा, पण फक्त वापरता येणाऱ्या: आतून कडी लागते, पाणी येतं, रात्री दिवा लागतो, भांडं तुंबलेलं नाही. चारपैकी एक गोष्ट नसेल तर ती सीट धरायची नाही. प्रत्येक सीटला क्रमांक, तारीख आणि फोटो.

त्याच दिवशी जागा कुणाची ते बघा. मिळकत पत्रिका (जमिनीची मालकी दाखवणारा उतारा) काढा. रेल्वे, वनखातं, म्हाडा किंवा खासगी मालकाची जमीन असेल तर कनिष्ठ अभियंता ‘जागा मनपाच्या ताब्यात नाही’ एवढं लिहून फाइल बंद करतो. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्ती घोषित झालेली असेल तर त्या राजपत्राची प्रत पहिल्या दिवसापासून सोबत ठेवा. घोषित नसेल, तर ना हरकत पत्रासाठीचा पत्रव्यवहार मागणीच्या आधी सुरू व्हायला हवा.

पुस्तक वाचणं

बहुतेक समित्या इथेच हरतात. तरतुदीचा आकडा पाहून त्या एकतर खूश होतात, नाहीतर संतापतात. दोन्ही चूक, कारण तरतूद म्हणजे खर्च नव्हे.

पालिकेच्या संकेतस्थळावरून चालू वर्षाचं आणि आधीच्या तीन वर्षांची अंदाजपत्रकं उतरवून घ्या. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ती न मागता उपलब्ध हवीत. जुन्या पीडीएफ बऱ्याचदा जुन्या फॉण्टमध्ये किंवा स्कॅन केलेल्या असतात, त्यात शब्द शोधला तर सापडत नाही. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘तरतूद नाही’ असं समजू नका, पानं उलटा. आणि एकाच शब्दावर थांबू नका. शौचालय, स्वच्छतागृह, प्रसाधनगृह, मुतारी हे चारही शब्द वेगवेगळ्या खात्यांत वापरलेले आढळतात.

एकाच शौचालयाचा पैसा पाच-सहा ठिकाणी विखुरलेला असतो. बांधकाम भवन किंवा झोपडपट्टी सुधारणा विभागात, किरकोळ दुरुस्ती क्षेत्रीय कार्यालयात, सफाई घनकचरा विभागात, दिवे विद्युत विभागात, टाकी उपसणं मलनिस्सारणात, नळजोड पाणीपुरवठ्यात. यातलं बांधकाम भांडवली खर्चात मोडतं, सफाई आणि विजेचं बिल महसुली खर्चात. फक्त बांधकाम मागणाऱ्या वस्तीला नवी इमारत मिळते आणि सहा महिन्यांत तिला कुलूप लागतं, कारण सफाईची आणि पाण्याची तरतूद कुणी मागितलेलीच नसते. दोन्ही एकाच पत्रात मागा. सफाईच्या रकमेत किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी धरला आहे का, हेही तपासा. वस्तीच्या सोयीसाठी सफाई कामगाराचा पगार कापला जाणार असेल, तर त्या मागणीला समाजवादी म्हणता येणार नाही.

आता रकाने. प्रत्येक लेखाशीर्षापुढे साधारणपणे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज दिलेला असतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती शेवटच्या रकान्याची. तुम्ही पहिले तीन वाचायचे. समजा ‘सामुदायिक शौचालय दुरुस्ती’ला मूळ अंदाज २ कोटी, सुधारित ६० लाख आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात दिसणारा प्रत्यक्ष खर्च ३५ लाख. म्हणजे जाहीर केलेल्या प्रत्येक रुपयातले साडेसतरा पैसे खर्च झाले. प्रत्यक्ष खर्चाचा आकडा नंतरच्या पुस्तकात येतो, म्हणूनच एकाच वर्षाचं पुस्तक घेऊन बसण्यात अर्थ नाही. चार पुस्तकांतून त्या एका लेखाशीर्षाची ओळ उतरवून एका पानाचा तक्ता करा. हा तक्ता म्हणजे तुमची खरी ताकद. पाच हजार सह्यांपेक्षा त्याला उत्तर देणं अवघड जातं, कारण आकडे पालिकेचेच असतात.

तीन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, टोकन तरतूद: कोट्यवधींच्या कामापुढे लाखभर रुपये लिहिले म्हणजे काम फक्त पुस्तकात जिवंत ठेवलंय, यंदा होणार नाही. दोन, शासकीय अनुदानावर बेतलेली तरतूद: जमा बाजूला ते अनुदान मागच्या तीन वर्षांत खरंच आलं का, ते पाहिल्याशिवाय त्या रकमेवर विसंबू नका. तीन, आणि सर्वांत वाईट, ‘शहरातील विविध ठिकाणी’ किंवा ‘विविध प्रभागांत’ अशा नावाची कामं. या ओळीतला पैसा ज्याचं वजन जास्त त्याच्या प्रभागात जातो. तुमच्या कामाच्या नावात वस्तीचं नाव आणि प्रभाग क्रमांक आलाच पाहिजे. त्याशिवाय मिळालेलं आश्वासन आश्वासन धरू नका.

पुस्तकात कामनिहाय तपशील नसतो, तो माहिती अधिकारात मागायचा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ‘काम का झालं नाही’ असा प्रश्न विचारू नका. कारणं सांगायला जनमाहिती अधिकारी बांधील नसतो, असलेली कागदपत्रं द्यायला असतो. असं लिहा (देयक म्हणजे ठेकेदाराचं बिल, कार्यादेश म्हणजे त्याला काम सुरू करायचा आदेश): ‘लेखाशीर्ष क्रमांक अमुक अंतर्गत १ एप्रिलपासून आजपर्यंत अदा केलेल्या देयकांची कामाचे नाव, ठिकाण, कार्यादेश दिनांक व रक्कम यांसह यादी.’ ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यापेक्षा लवकर होणारा मार्ग म्हणजे अभिलेख पाहणी: सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कागद पाहू द्यावेत, असं राज्य शासनाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. दोघांनी जा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं.

पैसा कुठून आणायचा

‘मागणी रास्त आहे, पण निधी नाही’ हे उत्तर येणारच. त्याची तयारी मागणीपत्रातच हवी. शेजारच्या वस्तीच्या गटाराचा पैसा आपल्या शौचालयाला मागणं साफ चूक, त्यात दोन्ही वस्त्या हरतात. शहरातल्या चार-पाच वस्त्यांनी आधी एकत्र बसून गरजेचा क्रम ठरवावा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात कामगार पक्षाच्या कारकिर्दीत १९८९ पासून लोकांच्या सभांनी भांडवली खर्चाचा क्रम ठरवला, तेव्हा लोकसंख्येसोबत सोयींचा अभाव किती, यालाही गुण होते. तोच नियम आपल्याला पुरतो: माणशी वापरता येणाऱ्या सीट जिथे सर्वांत कमी, ती वस्ती पहिली. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून कामं सुचवून घेतात. तो अर्ज जरूर भरा, पण तिथे एका कामाला पाच लाखांची मर्यादा राहिली आहे. तेवढ्यात लादीकरण होतं, मलवाहिनी टाकता येत नाही.

पैसा दोन जागी शोधायचा. खर्च बाजूला सुशोभीकरण, प्रवेशद्वारं, कारंजी आणि सल्लागारांचं शुल्क यांची बेरीज करा आणि तुमच्या कामाची रक्कम त्या बेरजेच्या किती टक्के आहे ते लिहा. जमा बाजूला मालमत्ता कराची थकबाकी पाहा. २०१७ मध्ये जकात, एलबीटीसारख्या स्थानिक करांच्या जागी जीएसटी आल्यापासून पालिका राज्याच्या भरपाई अनुदानावर टेकल्या आहेत. स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न उरलंय ते मालमत्ता कराचं. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) लागते आणि अभय योजनेत तीच माफ होते. त्या माफीतला किती हिस्सा बड्या थकबाकीदारांना गेला, ही माहिती मागा. कराचे दर ठरवायची मुदत २० फेब्रुवारी, त्यामुळे कराबद्दलची सूचना जानेवारीत पोचली पाहिजे. सोय हवी तर वस्तीची पाणीपट्टी वाढवा, हा सल्ला मान्य करू नका.

मागणीपत्र आणि मोर्चा

पत्र एका पानाचं. कामाचं पूर्ण नाव, प्रभाग, लेखाशीर्ष, रक्कम, पैसा कोणत्या शीर्षातून वळवायचा, सोबत मोजणीचा तक्ता आणि चार वर्षांचा तक्ता. रक्कम अंदाजाने लिहू नका. जवळच्या प्रभागात झालेल्या तशाच कामाचं मंजूर पूर्वगणनपत्रक (खर्चाचा तपशीलवार अंदाज) माहिती अधिकारात काढा आणि त्यावरून सीटमागे खर्च काढा. प्रती क्षेत्रीय अधिकारी, संबंधित खातेप्रमुख, मुख्य लेखा व वित्त अधिकारी आणि आयुक्त यांना. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सप्टेंबरअखेर हे झालं पाहिजे.

मोर्चा ऑक्टोबरात, क्षेत्रीय कार्यालयावर. पाण्यासाठी बायकांना घेऊन लढणाऱ्या मृणाल गोरेंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि रस्त्यावरची मागणी सभागृहातही लावून धरली. दोन्हीकडे लढावंच लागतं. मोर्चातून एकच लेखी गोष्ट मागा: हे काम विभागाच्या मागणीयादीत समाविष्ट केल्याचं पत्र. निवडणूक तोंडावर असेल तर आचारसंहितेच्या आधी हे सगळं दीड महिना अलीकडे ओढा. प्रशासक (निवडून आलेली सभा नसताना कारभार पाहणारा अधिकारी) असेल तर स्थायी समिती आणि सभा या दोन्हींचे अधिकार त्या एकाच खुर्चीत असतात, तेव्हा सगळं बळ तिथेच लावा.

मंजुरीनंतर

पुस्तकात नाव आलं की बहुतेक समित्या विसावतात आणि पैसा वर्षाच्या मध्यात निघून जातो. त्याला कार्यालयीन भाषेत वर्गीकरण म्हणतात: एका लेखाशीर्षाची रक्कम दुसऱ्याकडे वळवण्याचा प्रस्ताव. तो स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेत (सभेपुढच्या विषयांच्या यादीत) शेवटच्या पानांवर असतो. ‘सदर तरतूद चालू वर्षी खर्ची पडण्याची शक्यता नसल्याने’ हे शब्द दिसले की आपलं लेखाशीर्ष आहे का ते पाहा. समितीतल्या एका माणसाला दर सभेची कार्यपत्रिका वाचायचं काम नेमून द्या. दिसल्यास सभेच्या आधी लेखी हरकत, सोबत मोजणीचा तक्ता.

तरतूद पडून राहते, कारण फाइल पुढे सरकलेली नसते. म्हणून एप्रिलमध्ये पूर्वगणनपत्रक, जूनपर्यंत प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, पावसाळा संपायच्या आत निविदा, दिवाळीच्या सुमारास कार्यादेश असं वेळापत्रक कनिष्ठ अभियंत्याकडून लिहून घ्या आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारा. जानेवारीनंतर निघालेला कार्यादेश ३१ मार्चच्या घाईत उरकला जातो आणि त्यातच निकृष्ट काम होतं.

काम सुरू झालं की पूर्वगणनपत्रकाची प्रत घेऊन दोन बायकांनी रोज साइटवर फेरी मारावी: दारं कोणत्या जातीची, टाकी किती लिटरची, मलवाहिनीचा व्यास किती. देयक अदा होण्याआधी मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या पालिकेच्या वहीची) पाहणी मागा आणि तिच्यातल्या नोंदी या फेरीच्या वहीशी ओळीने ताडून पाहा. फरक असेल तर लेखी तक्रार कार्यकारी अभियंत्याकडे आणि प्रत मुख्य लेखापरीक्षकाकडे, त्याच दिवशी.