मांडवावरचा पोपट: परसबागेतला वाल, आळ्यापासून कढईपर्यंत

जूनमध्ये लावलेला वाल ऑगस्टपर्यंत मांडव झाकून टाकतो, पानं तळहाताएवढी होतात, आणि फूल मात्र एक नाही. घरोघरी हीच तक्रार. मग कोणी यूरिया टाकतो, कोणी वेल वांझ म्हणून उपटून फेकतो. दोन्ही चूक. आपल्याकडचा जुना वेलवर्गी वाल दिवस लहान होण्याची वाट पाहतो. विदर्भात जूनमध्ये दिवस साधारण साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरअखेर तो अकरा तासांच्या खाली येतो. दसऱ्याच्या आगेमागे दिवस आखडू लागला की वेल फुलावर येतो, आधी नाही. मांडवावर रात्रभर दिव्याचा उजेड पडत असेल तर फुलोरा आणखी लांबू शकतो. म्हणून आळं अंगणातल्या बल्बपासून दूर धरा.

नागपूर-वर्ध्याकडे या वालाच्या हिरव्या दाण्याला पोपट म्हणतात. (रायगडाकडची मडक्यात भाजलेली पोपटी वेगळी.)

आळं आणि बी

पाच माणसांच्या घराला तीन-चार आळी पुरतात. जास्त लावली तर डिसेंबरात शेजाऱ्यांना शेंगा वाटत फिरावं लागतं. दोन आळ्यांमध्ये चार-पाच फूट अंतर ठेवा. दीड फूट लांब, रुंद आणि तेवढाच खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या. निघालेल्या मातीत दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी चुलीतली राख मिसळून खड्डा भरा, आणि वर अर्धा फूट उंचवटा करा. हा उंचवटा सोडू नका. काळ्या मातीत पाणी साचतं आणि वालाची मुळं दोन-तीन दिवसांतच सडायला लागतात. पानं खालून पिवळी पडत वर येत असतील तर खत कमी पडलं असं समजण्याआधी आळ्यात बोट घालून चिखल आहे का ते पाहा.

चांगला पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की लावा. एका आळ्यात चार दाणे, बोटाच्या दोन पेरांएवढे खोल. जमीन ओली असताना बी भिजवू नका, फुगून कुजतं. पाऊस लांबला आणि पाणी घालून लावायचं असेल तरच सहा तास भिजवा. वर बाभळीची एखादी काटेरी फांदी ठेवा, नाहीतर कोंबड्या आधी उकरतात. आठवड्यात उगवतं. दोन दणकट रोपं ठेवून बाकीची कापा. उपटली तर शेजारच्या रोपाचं मूळ हलतं.

जागा कमी असेल तर सरळ पोळ्याच्या सुमारास लावा. वेल लहान राहतो, फूल मात्र त्याच वेळी येतं.

मधल्या रिकाम्या महिन्यांसाठी कुंपणाकडेला बरबटी, म्हणजे चवळी, पेरा. तिच्या कोवळ्या शेंगा दोन महिन्यांच्या आत मिळतात.

मांडव

वेल दीड फुटाचा होण्याआधी मांडव उभा हवा. आठ बाय आठ फुटांच्या मांडवाला चार बल्ल्या (लाकडी खांब) लागतात. जमिनीवर सहा फूट आणि आत दीड-दोन फूट. गाडायचं टोक जाळून घ्या किंवा डांबर लावा, म्हणजे उधई (वाळवी) उशिरा लागते. वर तार ताणून त्यावर तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) आडव्या-उभ्या बांधा. नुसत्या तुऱ्हाट्यांवर भरवसा ठेवू नका. पावसाने त्या कुजतात, आणि नेमका वेल जड झाला की एखाद्या वाऱ्यात मांडव बसतो. वेल छपराच्या कवेलूंवरही (कौलांवरही) हौसेने चढतो, पण छपरात ओल धरते आणि उंदरांना शिडी मिळते.

शेंडा मांडवाला टेकला की वरची दोन-तीन बोटं खुडून टाका. बगलेतून फांद्या फुटतात आणि पुढे फुलांचे दांडे याच फांद्यांवर येतात.

यूरियाची गरज नाही. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतलं नत्र धरतात. एखादी गाठ चिरून आत गुलाबी दिसली की काम चालू आहे. वरून नत्र दिलं की पाला माजतो, आणि कोवळ्या पाल्यावर मावा तुटून पडतो. पावसाळ्यात पाणीही नको. पाऊस गेल्यावर दर आठ-दहा दिवसांनी द्या, मात्र फुलोऱ्यात माती फाटू देऊ नका. भेगा पडताना बारीक मुळं तुटतात आणि फुलं गळतात. आळ्यावर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटं पसरलं की भेग पडत नाही.

मावा

हिवाळ्यात आभाळ आलं की दांड्यांवर काळा मावा बसतो. वेलावर मुंग्यांची रांग दिसली तर मावा आलाच म्हणून समजा. त्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात, आणि त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. ठिपकेदार ढालकिडे दिसत असतील तर तीन-चार दिवस काही करू नका, ते मावा खातात. नसतील तर भरलेले शेंडे तोडून नष्ट करा आणि बाकीच्या वेलावर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा. त्याने भागलं नाही तर निंबोळी अर्क. एक लिटर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. भोक पडलेल्या शेंगेत अळी असते. ती शेंग तोडून कोंबड्यांना टाका.

कपाशीचं उरलेलं औषध मात्र इथे अजिबात मारू नका. वालाच्या शेंगा दर तीन-चार दिवसांनी तोडल्या जातात आणि त्या औषधाचा अंश तेवढ्यात उतरत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ते औषध भाजीच्या मांडवाखाली आणण्यासारखं नाही.

तोडणी आणि कढई

वालाचं खरं सुख इथे आहे: एकाच वेलावर तीन भाज्या असतात. शेंग वाकवून कट्कन मोडली तर ती अख्खी खायची. दाणा फुगून साल सैल झाली की सोलायची. हलवून खुळखुळली की ती कडधान्य. तोडताना दांडा ओरबाडू नका. त्याच्या शेंड्याकडे अजून फुलं असतात.

कोवळ्या शेंगांचं वाल-वांगे करा. पाव किलो शेंगांच्या दोन्ही कडांच्या शिरा ओढा. एकाच कडेची काढली की घासात दोरा येतो. तीन पळ्या तेलात मोहरी, ठेचलेला लसूण, तिखट, हळद, मग शेंगा. झाकणावर पाणी ठेवून आठ मिनिटं वाफवा, मग पाव किलो वांग्यांच्या फोडी आणि मीठ. टमाटर शेंगा मऊ झाल्यावरच घाला. आंबटाने शेंग शिजायची थांबते आणि वांग्याचा मात्र गाळ होतो.

पोपटाची भाजी चौघांना करायची तर दोन वाट्या दाणे लागतात. थोड्या तेलात ते चार मिनिटं परतून बाजूला काढा. पाच हिरव्या मिरच्या, आठ पाकळ्या लसूण, आल्याचा तुकडा, मूठभर सांबार (कोथिंबीर) आणि परतलेले मूठभर दाणे एकत्र जाडसर वाटा. हे दाणेच रस्सा धरून ठेवतात, बेसन लागत नाही. जिऱ्याच्या फोडणीत वाटण तेल सुटेपर्यंत परता, दाणे घाला, तीन वाट्या गरमच पाणी ओता आणि मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. सोडा टाकू नका, दाणा चिकट होतो. सोबत ज्वारीची भाकर.

वाळलेल्या वालाला घाई चालत नाही. त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, गडद रंगाच्या आणि कडू दाण्यात अधिक. रात्रभर भिजवा, पाणी फेका, उघड्या गंजात (पातेल्यात) दहा मिनिटं खळखळ उकळा, तेही पाणी फेका आणि मग नव्या पाण्यात मऊ शिजवा. पाण्यासोबत चव जाईल असं वाटून ते राखू नका. पोरांना कच्चे वाळलेले दाणे चघळायला देऊ नका.

वाळलेल्या बरबटीचे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडे होतात. दोन वाट्या बरबटी पाच-सहा तास भिजवून पूर्ण निथळा, आणि मिरची, लसूण, जिऱ्यासोबत पाणी न घालता जाडसर वाटा. मीठ ऐन तळायच्या वेळीच घाला, आधी घातलं तर पाणी सुटून वडा तेलात फुटतो. तरी सैल वाटलं तर चमचाभर तांदळाचं पीठ. आच मध्यम ठेवा, मोठ्या आचेवर आत कच्चा राहतो.

बियाण्यासाठी निरोगी वेलावरच्या पंधरा-वीस भरदार शेंगा सुरुवातीलाच दोरा बांधून राखा आणि वेलावरच वाळू द्या. भुंग्याची अंडी शेतातूनच येतात, म्हणून सोललेलं बी तीन दिवस कडक उन्हात घाला. दाताखाली दाणा दबला नाही, फुटला, म्हणजे वाळला. मग चाळलेली राख मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, आणि बरणी चुलीजवळच्या फळीवर नको, थंड कोपऱ्यात ठेवा.