अमेरिकेतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) वस्तीत साथीचा संदेश पोचत नाहीये? या चुका टाळा

जानेवारी २०२१. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर इंग्रजीत लिहिलं होतं की कोविडची लस सक्तीची नाही. स्पॅनिशसाठी पानावर गुगल भाषांतराची सोय होती. त्यातून जे बाहेर पडलं त्याचा अर्थ होता, लशीची गरज नाही! यंत्राकडून कच्चा मसुदा खुशाल घ्या, पण छापण्याआधी तो वस्तीतल्या दोघा-तिघांना वाचायला द्या. "कळलं का?" असं विचारू नका, त्याला कोणीही मान डोलावतं. "हे वाचून तुम्ही आता काय कराल?" असं विचारा. घोळ लगेच बाहेर येतो.

स्पॅनिश नीट जमली म्हणून निश्चिंत होणं ही पुढची चूक. कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी तोडणारे कितीतरी मजूर मेक्सिकोतल्या वाहाका-गेरेरो भागातले आहेत. त्यांच्या घरात मिश्तेको किंवा त्रिकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा बोलतात. कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडमधल्या अनेक ग्वाटेमालन कुटुंबांची भाषा माम, ही एक माया भाषा. या भाषा मुख्यतः बोलण्यातल्या, त्यामुळे पत्रकाचा उपयोग थोडाच. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड शहरात अशा मजुरांसाठी त्यांच्याच भाषांत बोलणारं 'रादिओ इंदिहेना' हे रेडिओ केंद्र आहे. तसा आवाज शोधा. नाहीतर व्हॉट्सॲपवर ओळखीच्या बाईच्या आवाजातला एक मिनिटाचा निरोपही चालतो.

पण लोक लस घ्यायला येतच नसतील, तर भाषेआधी तुमचं लसीकरणाचं टेबल बघा. दारात गणवेशातला पहारेकरी, टेबलावर फॉर्म, फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरचा (कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांकडे सहसा नसणाऱ्या सरकारी क्रमांकाचा) रकाना. लस फुकट होती, कागदपत्रांची अट नव्हती, पण रांगेतल्या माणसाला रकाना दिसतो. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये 'पब्लिक चार्ज'चा नवा नियम लागू झालेला: काही सरकारी मदती घेतल्या तर ग्रीन कार्ड अडू शकत होतं (हा नियम मार्च २०२१ मध्ये रद्द झाला). कोविडची तपासणी आणि उपचार त्यात धरणार नाही, असा खुलासा झाला होता, तो वाचला किती जणांनी? घरात एकाकडे जरी देशात राहण्याचे कागद नसले तरी सगळं घर लांब राहतं. म्हणून काय लागत नाही हे पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरात लिहा आणि नको असलेला रकाना फॉर्मवरून काढूनच टाका. लशीबद्दलचा "संकोच" हा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो, दोष समोरच्यावर जातो.

आणि पोटाचं काय? एप्रिल २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात 'उनिदोस एन सालुद' या विद्यापीठ आणि वस्तीतल्या संघटनांच्या संयुक्त उपक्रमाने हजारो जणांची कोविड तपासणी केली. बाधितांपैकी ९५ टक्के लॅटिनो निघाले आणि ९० टक्के बाधितांना घरून काम करणं शक्य नव्हतं. अशा माणसाला "दहा दिवस घरी राहा" एवढंच सांगणं म्हणजे दहा दिवसांची मजुरी बुडव म्हणण्यासारखं. तिथल्या चमूने अहवालामागोमाग घरी किराणाही पोचवला. पुढे तपासणीचं केंद्र २४व्या रस्त्यावरच्या बार्ट या लोकल रेल्वेच्या स्टेशनच्या चौकात, लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर थाटलं.

वस्तीसाठी लशीच्या राखीव वेळा द्यायच्या असतील तर नुसत्या नोंदणीच्या कोडवर विसंबू नका. २०२१च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात वंचित वस्त्यांसाठीचे कोड फिरत फिरत सुखवस्तू लोकांच्या फोनवर पोचले होते.

राहता राहिला 'लॅटिनेक्स' हा, 'लॅटिनो'ला पर्याय म्हणून आलेला लिंगनिरपेक्ष शब्द. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे जेमतेम ३ टक्के होते. अहवालात लिहा हवं तर, पण फलकावर "वेसिनोस", म्हणजे शेजाऱ्यांनो, अशी हाक मारा.