अंधुक हॉलमधलं लग्न आणि प्राइम लेन्स: या चुका टाळा

लग्नाची कामं घ्यायला लागलो तेव्हा मी सगळ्यात आधी घेतलेली प्राइम (झूम न होणारी लेन्स) म्हणजे ८५ एमएम एफ १.४. पहिल्याच लग्नात हॉल इतका अरुंद निघाला की भिंतीला पाठ टेकवूनही नवरा-नवरी गुडघ्यांपाशी कापली जात होती. जवळून काढलेल्या फोटोंत नवरीची पापणी शार्प, तर नवरा धुक्यात. रात्री कॉम्प्युटरवर फोटो १०० टक्के झूम करून बघितले आणि पोटात गोळाच आला. लेन्समध्ये काही खोट नव्हती. मी ती एफपुढचा आकडा (तो जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते) बघून घेतली होती, चूक तिथे होती.

आकड्याला भुलणं

एफ २.८ वरून एफ १.४ वर गेलात की दोन स्टॉप मिळतात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे चौपट उजेड. झूम लेन्सवर शटर १/६० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) ६४०० लागत असेल, तर तिथेच प्राइमवर १/१२५ आणि ३२०० चालतं. माणूस हललेला कमी दिसतो आणि ग्रेनही (फोटोतले रवाळ ठिपके) कमी. हा फरक कुणालाही दिसतो.

पुढचा हिशेब मात्र कुणी करत नाही. एफ १.८ आणि १.४ मध्ये साधारण दोन तृतीयांश स्टॉपचं अंतर आहे, १.४ आणि १.२ मध्ये तर जेमतेम अर्ध्या स्टॉपचं. त्या अर्ध्या स्टॉपसाठी पैसे आणि वजन तर वाढतंच, कधीकधी फोकसही मंदावतो. कॅननची जुनी ईएफ ८५ एमएम एफ १.२ एल, दुसऱ्या आवृत्तीची, घ्या: वजन किलोच्या वर, आणि काचा इतक्या जड की फोकस सावकाश सरकतो. त्याच घराण्यातली ८५ एमएम एफ १.८ सव्वाचारशे ग्रॅमची आहे आणि फोकस झटकन पकडते. बसवून काढलेल्या पोर्ट्रेटला पहिली देखणी, यात वाद नाही. पण नवरी चालत तुमच्याकडे येत असेल, तर मी दुसरी उचलेन.

एफ १.४ वर नेमकं किती शार्प येतं

फुल फ्रेम कॅमेरा (३६ × २४ एमएम सेन्सरचा), ८५ एमएम, एफ १.४, समोरचा माणूस दोन मीटरवर. शार्प पट्टा (पुढून मागे जेवढं स्पष्ट येतं तेवढं अंतर) भरतो जेमतेम साडेचार सेंटीमीटर. त्यातला अर्धा डोळ्याच्या पुढे, अर्धा मागे. शेजारी उभ्या दोघांचे चेहरे सहज दहा-पंधरा सेंटीमीटर पुढेमागे असतात, त्यामुळे दोघंही शार्प येणं अशक्यच. एफ २.८ केलं तरी पट्टा नऊ सेंटीमीटरचाच. ३५ एमएमवर त्याच दोन मीटरवरून एफ १.४ ला सुमारे पंचवीस सेंटीमीटर मिळतात. जोडीचे जवळून फोटो काढायचे असतील, तर अंधारातही ३५ जास्त उपयोगी का पडते, ते इथे कळतं.

आणखी एक सवय इथे घात करते: मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करायचा आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायची. एफ ५.६ वर ही युक्ती खपून जाते. दोन मीटरवरून कॅमेरा दहा अंश वळवलात, तर फोकसचं प्रतल (जिथे सगळ्यात शार्प येतं ती जागा) डोळ्याच्या तीन सेंटीमीटर मागे जातं. पट्टाच मुळात साडेचारचा, म्हणजे डोळा त्यातून बाहेर आणि कानाच्या बाजूला सगळं शार्प. माझे त्या रात्रीचे निम्मे फोटो असेच गेले. उपाय सोपा आहे: फोकस पॉइंट थेट डोळ्यावर न्यायचा किंवा आय डिटेक्शन (कॅमेरा स्वतःच डोळा शोधतो) चालू ठेवायचं, आणि फोकस मोड कंटिन्युअस, म्हणजे फोकस सतत जुळत राहणारा. समोरचा माणूस स्थिर असला तरी आपण स्वतः थोडे डोलत असतोच.

डीएसएलआरवाल्यांनी (आत आरसा असलेला कॅमेरा वापरणाऱ्यांनी) व्ह्यूफाइंडरवरही भरवसा ठेवू नये. त्याचा पडदा साधारण एफ २.८ ला येतो तेवढा शार्प पट्टा दाखवतो. आत बघताना वाटतं, दोघंही शार्प आहेत. कार्डवरचा फोटो वेगळंच सांगतो.

मागे सरकायला जागा किती?

माझ्या मते लेन्स निवडताना हा प्रश्न एफच्या आधी यायला हवा. उभा फोटो, डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी मोकळी जागा: फुल फ्रेमवर ३५ एमएमला दोन मीटर पुरतात, ५० ला पावणेतीन-तीन लागतात, ८५ ला जवळजवळ पाच. स्टेजपुढे पाच मीटर मोकळे मिळणं म्हणजे नशीबच, आणि मिळालेच तरी मधून पाहुणे जात राहतात.

क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी असेल तर फोकल लेंग्थला (लेन्सच्या एमएमच्या आकड्याला) दीडने गुणा, कॅननला १.६ ने. ५० एमएम तिथे ७५-८० सारखी वागते आणि ८५ तर दूरच्या पोर्ट्रेटची लेन्स होऊन बसते. ‘सगळे ५० घेतात’ म्हणून क्रॉप बॉडीवर ५० घेणारे पुढे खोलीच्या कोपऱ्यात अडकतात. त्यांना खरी गरज २३-२४ किंवा ३५ ची असते.

अंदाजाने ठरवण्यापेक्षा आपल्याच जुन्या फोटोंना विचारा. झूम लेन्सने केलेली शेवटची दोन-तीन लग्नं उघडा, निवडून दिलेल्या फोटोंची फोकल लेंग्थ बघा. बहुतेक आकडे २८ ते ४० च्या आसपास असतील, तर ८५ घेऊन काय करणार?

ऑटोफोकसकडे दुर्लक्ष

अंधारात लेन्सची खरी परीक्षा फोकसमध्ये होते. घेण्याआधी एक दिवा लावलेल्या खोलीत कुणाला तरी तुमच्याकडे चालत यायला सांगा, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर (सगळ्यात लहान एफवर) वीस फोटो काढा आणि डोळा शार्प आलेले किती, ते मोजा. चाचणी तक्त्यांपेक्षा ही मोजणी जास्त सांगते.

जुनी लेन्स घेताना मोटर कुठे आहे ते तपासा. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, त्यामुळे डी ३४०० किंवा डी ५६०० सारख्या, स्वतःची मोटर नसलेल्या बॉडीवर फोकस हाताने फिरवावा लागतो. एफटीझी ॲडॉप्टर (जुन्या निकॉन लेन्स नव्या झेड कॅमेऱ्यांवर बसवणारा) लावून मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) चढवली तरी तेच. नाचणाऱ्या माणसांवर हाताने फोकस साधण्यात मजा नाही.

स्टॅबिलायझरचंही तसंच. तो आपल्या हाताची थरथर सावरतो, समोरच्याचा हात थांबवत नाही. नाचाला १/२५० च्या आसपास शटर लागतंच. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर वाढवा. काळा फोटो नंतर उजळवला की ग्रेन जास्तच उठून दिसतं.

लेन्स दोषी वाटते, पण नसते

डीएसएलआरवर फोकस *कायम* एकाच बाजूला पडत असेल, तर ट्रायपॉडवर एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) काढा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि दुसरा सॉफ्ट आला, तर बॉडीत मायक्रो ॲडजस्टमेंटची (फोकस थोडा पुढे-मागे सरकवणाऱ्या सेटिंगची) सोय असल्यास ती करा. चूक कधी पुढे, कधी मागे होत असेल तर ॲडजस्टमेंटने काही होणार नाही. आपली फोकसची पद्धत बदला.

फोटोत आडवे काळे-पिवळसर पट्टे आले तर ते एलईडी दिव्यांचं काम. ५० हर्ट्झच्या विजेवर असे दिवे बहुधा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा, शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघा. ६० हर्ट्झच्या विजेवर १/१२० किंवा १/६०.

चमकणाऱ्या दागिन्यांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार दिसली तर ॲपर्चर एक स्टॉप बंद करा, बरीचशी जाते. आणि काळोखात प्रत्येक दिव्याचं उलटं हिरवट प्रतिबिंब फ्रेममध्ये तरंगायला लागलं, तर लेन्स परत करायला धावू नका. आधी पुढचा यूव्ही फिल्टर काढून तोच फोटो पुन्हा काढा. मी एका लेन्सला सहा महिने शिव्या घातल्या होत्या. दोष त्या स्वस्तातल्या काचेचा होता.